गोष्ट कोणी सांगितली?

मार्च-एप्रिल महिन्यांत शाळांच्या कपाटांवर प्रकल्पवह्यांचे गठ्ठे चढू लागतात. विज्ञान आणि पर्यावरण यांच्या वह्यांबरोबर अलीकडे त्यांत 'पुराणकथा व लोककथा' या विषयाच्याही वह्या असतात. भाषेच्या तासाला वर्षभर थोडे थोडे शिकवायचे आणि सत्र संपताना प्रत्येक मुलाने एकेक कथा गोळा करून आणायची, असा हा पूरक उपक्रम. २०२०-२१ मध्ये शाळा बंद होत्या आणि वर्ग मोबाइलवर भरत होते, तेव्हा या उपक्रमाला चांगलेच महत्त्व आले. घरात बसून करता येईल असे काम हवे होते आणि गोष्ट सांगणारी माणसे घरातच होती. पुढे शाळा उघडल्या, पण उपक्रम टिकला. ठाणे पूर्वेच्या कोपरी भागातल्या गेल्या काही वर्षांच्या अशा वह्या आम्ही एकत्र बसून वाचल्या. त्या वाचनाचे हे परीक्षण. मुलांचे गुणदोष काढण्याचा हेतू नाही, कारण मुलांनी मागितले तेच दिले आहे. काय मागितले गेले, हे पाहायचे आहे.

मागणीची चौकट बहुतेक वह्यांत एकच आहे : कथेचे नाव, पात्रे, कथा, बोध आणि शेवटी 'वैज्ञानिक महत्त्व'. चौकट नीटनेटकी आहे, तपासायला सोपी आहे आणि गुण देण्याच्या दृष्टीने सोयीची आहे. फक्त तिच्यात एक रकाना नाही. कथा कोणी सांगितली, कुठे सांगितली, कोणत्या शब्दांत सांगितली, हे विचारलेलेच नाही. त्यामुळे पँडोराची पेटी, इकॅरसचे पंख, पंचतंत्रातला माकड आणि मगर, आणि खाडीकाठच्या एखाद्या आजीने सांगितलेली गोष्ट, ही सगळी एकाच रांगेत, एकाच अक्षरात, एकाच पुस्तकी मराठीत उभी राहतात. पँडोराबद्दल आमची तक्रार नाही. ती ग्रीक बाई जगाच्या पाठीवर कुठेही वाचावी अशी आहे. पण ती कोपरीत कोणी सांगितलेली नाही, ती मोबाइलवरून उतरवलेली आहे. आणि उतरवलेले व ऐकलेले यांतला फरक वहीत दिसत नाही.

कोपरीत तो फरक विशेष जाणवतो, कारण ऐकण्यासारखे इथे पुष्कळ आहे. रेल्वेच्या पूर्वेला खाडीच्या अंगाने पसरलेला हा भाग. चेंदणीचा कोळीवाडा रुळांच्या दोन्ही बाजूंना आहे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी आली आणि पुढे खाडी ओलांडून कल्याणकडे गेली, तिच्या आधीपासून इथे मासेमारी करणारी वस्ती आहे. मीठबंदर हे नाव मिठाच्या व्यापाराची आठवण देते. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत इथे उभी राहिली. कोकणातून आणि घाटावरून नोकरीसाठी आलेली कुटुंबे तर घरोघर. एकाच बाकावर बसलेल्या तीन मुलांच्या घरी पाण्याच्या देवाची तीन नावे असू शकतात. अशा वर्गात लोककथेचा तास म्हणजे प्रयोगशाळाच. साहित्य विकत आणावे लागत नाही.

आता 'वैज्ञानिक महत्त्व' या रकान्याकडे वळू. विज्ञानाचा प्रसार करणाऱ्या मासिकाने याच रकान्याला हरकत घ्यावी हे विचित्र वाटेल. पण आमची सर्वांत मोठी हरकत तिथेच आहे.

नारळी पौर्णिमेवरच्या वह्या कोपरीत अर्थातच पुष्कळ आहेत. कथा थोडक्यात अशी : पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, कोळी बांधव होड्या बाहेर काढत नाहीत, श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून त्याला शांत होण्याची विनंती करतात आणि मासेमारी पुन्हा सुरू होते. शेवटच्या रकान्यात मग बहुतेक वह्यांत हेच विधान वेगवेगळ्या शब्दांत येते : पावसाळा हा माशांच्या प्रजननाचा काळ असल्याने आपल्या पूर्वजांनी शास्त्रीय विचार करून या काळात मासेमारी बंद ठेवली आणि नारळी पौर्णिमा ही त्या बंदीची शेवटची तारीख ठरवली. लाल शाईने बरोबरची खूण. पुढची वही.

हे विधान खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. ते तपासलेले नाही, एवढेच म्हणतो. आणि तपासणे फार सोपे आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिका काढा. नारळी पौर्णिमा २०२० साली ३ ऑगस्टला होती, २०२१ साली २२ ऑगस्टला, २०२३ साली ३० ऑगस्टला आणि २०२४ साली १९ ऑगस्टला. ३ ऑगस्ट आणि ३० ऑगस्ट यांत जवळजवळ चार आठवडे जातात. कारण सरळ आहे. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून सण दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी मारतो. २०२३ साली तर श्रावणच अधिक होता. मासे आणि मोसमी वारे अधिक महिना पाळत नाहीत. प्रजननाचा नेमका हिशेब करून तारीख ठरवायची असती, तर चंद्रावर चालणारी तारीख हे त्यासाठी फारसे चांगले साधन नव्हे. शिवाय सगळ्या जातींचे मासे एकाच वेळी अंडी घालत नाहीत, हे मच्छीबाजारात विचारले तरी कळते.

कायद्याने हा प्रश्न कसा सोडवला तेही पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात पूर्वी पावसाळी मासेमारीबंदी १० जूनपासून असे आणि ती १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत चाले. म्हणजे नियम करणाऱ्यांना सण सरकतो हे माहीत होते; त्यांनी परंपरेचा मान ठेवला आणि तिला सौर तारखेची मर्यादाही घातली. अलीकडच्या वर्षांत ही बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. सण आणि बंदीची अखेर यांचा संबंध त्यात उरलेला नाही. आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट : ही बंदी यांत्रिक नौकांसाठी आहे, यंत्राशिवाय चालणाऱ्या पारंपरिक होड्यांना ती लागू होत नाही. खाडीत निवट्या, चिंबोऱ्या, कोलंबी धरणाऱ्या माणसाचा पावसाळा आणि खोल समुद्रात जाणाऱ्या नाखव्याचा पावसाळा एकच नव्हे. 'कोळी बांधव पावसाळ्यात मासेमारी करत नाहीत' हे वहीतले वाक्य कोपरीच्या खाडीकाठी उभे राहून वाचले, तर तिथला माणूस हसेल.

मग नारळी पौर्णिमेला अर्थ नाही का? आहे, आणि तो वहीतल्या अर्थापेक्षा जास्त रंजक आहे. श्रावणाच्या मध्यापर्यंत वाऱ्याचा जोर बहुधा ओसरू लागतो. तरी पहिली होडी कोणी आणि केव्हा काढायची हा प्रश्न राहतो. एकट्याने आधी गेलेला जीव धोक्यात घालतो आणि जादा मासळीही मिळवतो. त्यावरून गावात वाद होणारच. सगळ्यांना आधीपासून ठाऊक असलेला, कोणाच्या मर्जीवर नसलेला एक दिवस ठरलेला असला की हा वाद टळतो. सण हे असे गावाचे एकमत असू शकते. हाही एक तर्कच आहे आणि तोही तपासावा लागेल. पण त्यासाठी आजोबांना 'तुमच्या लहानपणी पौर्णिमेच्या आधी कोणी होडी काढली तर काय होत असे?' असा प्रश्न विचारावा लागतो. पूर्वजांना विज्ञान ठाऊक होते असे एकदा लिहून टाकले, की हा प्रश्न सुचतच नाही. आमची हरकत आहे ती इथे. हा रकाना विज्ञानाचा गौरव करत नाही. तो चौकशी संपवतो.

याची दुसरी बाजू तर आणखी बोचणारी आहे. ज्या गोष्टीत खरोखर निरीक्षण आणि हिशेब आहे, ती वह्यांत कुठेच नाही; कारण तिच्यात राक्षस नाही, राजा नाही, म्हणून ती 'कथा' ठरत नाही. ती म्हणजे भरतीचे गणित. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते. तिथून दर दिवशी ती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. किनाऱ्यावरची जुनी माणसे यासाठी तिथीची पाऊणपट करतात : चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. खरा सरासरी आकडा ५० मिनिटांच्या आसपास. तोंडी हिशेबासाठी केलेली ही सूट किती वाजवी आहे! अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला भांग. चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत आली की उधाण, काटकोनात आली की भांग, हे नववी-दहावीच्या मुलाला आकृती काढून सांगता येते. मुंबई बंदरासाठी भरती-ओहोटीची कोष्टके छापली जातात. त्यांच्याशी पाऊणपटीचा नियम महिनाभर ताडून पाहता येतो. ठाण्यापर्यंत खाडीत आत यायला पाण्याला वेळ लागतो, तो किती हेही काठावर घड्याळ घेऊन बसले तर कळते. आजोबांचा नियम कुठे चुकतो आणि किती चुकतो, हे काढणारी वही आम्ही आनंदाने वाचली असती.

लोकांकडून माहिती गोळा करण्याचे काम शिक्षकांनी करावे, ही कल्पना नवी नाही. ठाणे जिल्ह्यातल्या शिक्षकांनी ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केले आहे आणि त्याचे पुस्तकही झाले आहे. दुर्दैवाने आजच्या फार थोड्या शिक्षकांना त्याची माहिती आहे. ए. एम. टी. जॅक्सन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुतींबद्दल एक लांबलचक प्रश्नावली फिरवली होती. तिला उत्तरे देणाऱ्यांत मोठा भरणा होता गावोगावच्या शाळामास्तरांचा. जॅक्सन म्हणजे नाशिकचे तेच कलेक्टर, ज्यांचा २१ डिसेंबर १९०९ रोजी नाट्यगृहात वध झाला. त्यांच्यामागे राहिलेली ही सामग्री आर. ई. एन्थोवेन यांनी संकलित केली. गुजरातचा भाग १९१४ साली आणि कोकणचा १९१५ साली प्रसिद्ध झाला. कोकणच्या भागात ठाणे, कुलाबा आणि रत्नागिरी हे जिल्हे येतात.

हे पुस्तक शिक्षकांनी जरूर पाहावे, पण डोळे उघडे ठेवून. त्याचा मोठा गुण तळटीपांत आहे. एखादी समजूत नोंदवली की खाली 'शाळामास्तर, अमुक गाव, तमुक जिल्हा' असे लिहिलेले सापडते. त्यामुळे एकाच गोष्टीबद्दल शेजारच्या दोन गावांत दोन समजुती असल्या तर त्या दोन्ही टिकल्या आहेत. त्यांची सरासरी काढून एक 'कोकणी समजूत' बनवलेली नाही. आजच्या प्रकल्पवहीपेक्षा ही शिस्त कितीतरी वरची आहे. कोणत्याही शास्त्रात नोंदीला जागा आणि वेळ यांचा पत्ता लागतो. पावसाचा आकडा लिहिला आणि गाव लिहायचे राहिले, तर त्या आकड्याचे काय करणार?

पुस्तकाचे दोषही तितकेच शिकण्यासारखे आहेत. प्रश्नांची चौकट बाहेरून आलेली होती. प्रकरणांची मांडणी विल्यम क्रुकच्या उत्तर हिंदुस्थानातील लोकधर्मावरच्या पुस्तकाच्या वळणावर आहे. सूर्य-चंद्रादी निसर्गशक्ती, रोगांच्या देवता, पितर, भुते, दृष्ट, झाडे आणि सर्प, चेटूक अशा पेट्या आधीच तयार होत्या. कोकणातून त्या भरून घ्यायच्या होत्या. भुताबद्दल विचारले म्हणून भुते मिळाली. भरतीचे गणित विचारले असते तर तेही मिळाले असते. शिवाय मास्तर कोणत्या गावचे हे कळते, पण मास्तरांना कोणी सांगितले हे कळत नाही. ती बाई होती की पुरुष, शेतकरी की कोळी की पुजारी, का मास्तरांनी स्वतःच्याच घरातली समजूत गावाच्या नावावर घातली? मराठीत बोललेले इंग्रजीत छापले गेले. मूळ शब्द गेले. सांगणारा आणि छापील पान यांच्यामध्ये मास्तर, अधिकारी, संकलक असे तीन दरवाजे होते आणि सांगणाऱ्याचे नाव पहिल्याच दरवाज्यावर अडले.

हे त्या काळात टाळता येण्यासारखे नव्हते, असेही नाही. त्याच्या जवळपास अर्धशतक आधी, १८६८ साली, मेरी फ्रिअर यांचे 'ओल्ड डेक्कन डेज' लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांची ही मुलगी. दख्खनच्या दौऱ्यात सोबत असलेल्या अ‍ॅना लिबराता डिसूझा या आयेकडून तिने गोष्टी ऐकल्या, लिहून काढल्या आणि लिहिलेले तिला वाचून दाखवले. अ‍ॅनाचे कुटुंब मूळचे लिंगायत. आजोबांच्या वेळी ते गोव्याजवळ स्थायिक होऊन ख्रिस्ती झालेले. गोष्टी तिला आजीकडून मिळालेल्या. हे आपल्याला कसे माहीत? पुस्तकात अ‍ॅनाचे नाव आहे आणि गोष्टींच्या आधी तिने स्वतः सांगितलेली तिची जीवनकहाणीही छापली आहे. मालकीण आणि आया यांच्यातले अंतर त्या पानांत लपत नाही. गोष्टींवर इंग्रजी बालवाङ्मयाची छटा आहे, ही टीकाही योग्यच आहे. पण ही गोष्ट कोणाच्या तोंडची, या प्रश्नाला १८६८ च्या त्या पुस्तकात उत्तर आहे. १९१५ च्या सरकारी संकलनात नाही आणि आमच्यासमोरच्या गठ्ठ्यातही नाही.

जवळचे उदाहरण हवे असेल तर जात्यावरच्या ओव्यांचे आहे. हेमा राइरकर आणि गी प्वातवां यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव नोंदवले. ही गाणारी बाई शेतमजूर आहे, तिला इतकी मुले आहेत, तिने हे गाणे आईकडून घेतले, असे कळले की ओवीतल्या एखाद्या शब्दाचे वजनच बदलते.

सांगणारा हरवला म्हणजे नेमके काय हरवते, हे ग्रहणाच्या वह्यांत सर्वांत स्पष्ट दिसते. राहू-केतू सूर्य-चंद्राला गिळतात, ही कथा. 'अंधश्रद्धा पाळू नये', हा बोध. आणि वैज्ञानिक महत्त्वाच्या रकान्यात सावलीची आकृती. आकृती बरोबर आहे, बोधही योग्य आहे. सकाळचे २६ डिसेंबर २०१९ चे खंडग्रास सूर्यग्रहण कोपरीच्या गच्च्यांवरून मुलांनी चष्म्यांतून पाहिले, ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री तांबूस झालेला चंद्र पाहिला. त्यांना राहूची भीती उरलेली नाही. पण घरात आजी-आजोबांना विचारले तर आणखी काही निघते. ग्रहण लागले की 'दे दान, सुटे गिराण' अशी आरोळी देत माणसे वस्तीतून फिरत आणि दारोदार धान्य, जुने कपडे, पैसे मागत. ती माणसे महार-मांग समाजांतली असत, आणि दान दिल्याने ग्रहण सुटते असे देणारे मानत. म्हणजे आकाशातल्या सावलीच्या गोष्टीत गावातली एक उतरंड गुंफलेली होती : कोणी घरात बसून अन्नपाण्याला शिवायचे नाही आणि कोणी रस्त्यावर ओरडत फिरायचे, हे जन्माने ठरलेले.

ही आठवण दोन घरांत दोन तऱ्हांनी सांगितली जाते. देणाऱ्याच्या घरात ती गंमत म्हणून येते. ज्यांच्या आजोबांनी बाबासाहेबांच्या हाकेनंतर गावकीची असली कामे आणि मागणे सोडून दिले, त्यांच्या घरात ती वेगळ्या आवाजात येते, किंवा मुद्दाम सांगितलीच जात नाही. वहीत सांगणाऱ्याचे नाव नसेल तर दोन्ही आवाज मिळून 'पूर्वी लोक दान देत असत' असे एक निरुपद्रवी वाक्य होते. ग्रहणाचे खगोलशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकाने हे वाक्य तसेच जाऊ द्यावे असे आम्हाला वाटत नाही. मात्र इथे एक पथ्य हवे. ज्या मुलाच्या घरी ही आठवण दुखरी आहे, त्याने ती वर्गापुढे मांडावी अशी सक्ती कोणी करू नये. न सांगण्याचा हक्क सांगणाऱ्याचा आहे.

सिंधी घरांतून आलेल्या वह्या संख्येने कमी, पण वाचनीय आहेत. झुलेलाल सिंधू नदीच्या पाण्यातून येतो. चित्रांत तो माशावर बसलेला दिसतो. चेटीचंडला त्याची मिरवणूक निघते. खाडीला नारळ देणारे आणि झुलेलालची मिरवणूक काढणारे शेजारीशेजारी राहतात, हे कोपरीचे वैशिष्ट्य. एका नमुन्याच्या वह्यांत या दोन कथा शेजारी ठेवून 'सर्वांचा देव एकच आहे' असा बोध काढलेला आहे. भावना चांगली आहे; तुलना मात्र सुरू होण्याआधीच संपली. एक नदीचा देव आहे, दुसरा समुद्र. एक कथा छळ करणाऱ्या राजाची आणि सुटकेची आहे, तर दुसरी मोसमाची आणि पोटाची. ज्यांची नदी फाळणीने मागे राहिली, ते खाडीकाठी तिची आठवण कशी ठेवतात? हा प्रश्न नववीतली मुलगी आपल्या आजोबांना विचारू शकते. त्याचे उत्तर आमच्याकडे नाही आणि कोणत्याही गाइडातही नाही.

प्रश्न जागेवरून कसा सुचतो, याचा धडा दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्याकडून घ्यावा. ते व्यवसायाने गणिती, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करत. म्हणजे ठाण्याची खाडी रोज त्यांच्या खिडकीबाहेरून जात होती. कार्ल्याच्या लेण्याच्या तोंडाशी एकवीरेचे देऊळ आहे आणि चैत्रात किनाऱ्यावरचे कोळी-आगरी घाट चढून तिच्या यात्रेला जातात, कोपरी-चेंदणीचेही जातात. बौद्ध चैत्याच्या दाराशी ही देवी कशी, किनाऱ्यावरचे लोक इतक्या लांब का येतात, असल्या प्रश्नांचा माग कोसंबींनी जुन्या पायवाटा, शेंदूर फासलेले दगड आणि अश्मयुगीन गारगोट्यांची हत्यारे पायी हिंडून शोधत काढला. १९६२ साली आलेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या पुस्तकात ते सारे आहे. त्यांच्या काही अनुमानांवर पुढे अभ्यासकांनी हरकती घेतल्या, आणि घेता आल्या, कारण कोणता दगड कुठे पाहिला हे त्यांनी लिहून ठेवले होते. एकवीरेवरची एकही प्रकल्पवही यात्रेला जाऊन आलेल्या घरातल्या माणसाशी बोलून लिहिलेली वाटत नाही, याचे म्हणूनच अधिक वाईट वाटते.

भाषेबद्दल एक शब्द. आगरी-कोळी घरातल्या मुलाने वहीत 'आयस' आणि 'बापूस' लिहिले, तर त्यावर लाल रेघ मारून 'आई' आणि 'वडील' केलेले आम्ही पाहिले. निबंधात हा बदल चालेल. लोककथेच्या नोंदीत तो नमुना बिघडवणे आहे. वनस्पतीचे पान हर्बेरियमच्या कागदावर लावण्याआधी कात्रीने सारखे करून घ्यावे, तसे. आणि त्या रेघेतून मुलाला दुसरेही काही कळते : आपल्या आजीचे बोलणे शाळेत चालत नाही. पुढच्या वर्षी ते मूल पँडोराची पेटी आणते. शहाणेच म्हणायचे!

मग सत्राच्या शेवटच्या पंधरा दिवसांत काय करता येईल? नवा उपक्रम काढू नये, असे आमचे मत आहे. आहेत त्याच वह्या मुलांना परत द्याव्यात आणि एकच काम सांगावे : ही गोष्ट ज्यांनी सांगितली त्यांच्याकडे पुन्हा जा. ज्यांची गोष्ट मोबाइलवरून आली असेल त्यांनी चिऊ-काऊची घ्यावी. शेणाच्या आणि मेणाच्या घरांची ही गोष्ट महाराष्ट्रात कोणाला येत नाही? सगळ्यांना येते म्हणूनच ती उपयोगी. पावसात भिजलेल्या कावळ्याला चिमणी दाराबाहेर ताटकळत ठेवते इथपर्यंत बहुतेकांचे जुळते. पुढे फाटे फुटतात. काही घरांत कावळा तव्यावर भाजतो, काही घरांत तो चिमणीचा खाऊ फस्त करून पळतो, काही घरांत हल्ली दोघे मित्र होतात. कोणाच्या घरी कोणता शेवट, सांगणारीचे माहेर कोणते, तिला कोणी सांगितली, एवढे फळ्यावर मांडले की वर्गासमोर एक नकाशा तयार होतो. मित्र होणारा शेवट तरुण आयांकडूनच येतो का, हे मोजून पाहता येते. फरक ही चूक नव्हे, तर तीच माहिती आहे, हे मुलांना इथे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. 'खरी गोष्ट कोणती, बाई?' असा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर लगेच देऊ नये.

जॅक्सनच्या शाळामास्तरांकडे नसलेले एक साधन आज बहुतेक घरांत आहे. ऑनलाइन वर्गासाठी घेतलेल्या मोबाइलवर आजीचा आवाज जसाच्या तसा उतरवता येतो. तिचे थांबणे, हसणे, 'पुढं काय बरं होतं' म्हणणे, सगळे. फक्त आधी तिला विचारावे, आणि उतरवून झाल्यावर मेरी फ्रिअरप्रमाणे लिहिलेले तिला वाचून दाखवावे. आवाजाच्या सुरुवातीला मुलाने दिवस, जागा आणि सांगणारीची परवानगी असल्यास तिचे नाव बोलावे. वहीत शेवटच्या रकान्याचे शीर्षक खोडून तिथे 'यातले काय तपासता येईल?' असे लिहावे. बऱ्याच गोष्टींत उत्तर 'काही नाही' असे येईल. ते उत्तरही पूर्ण गुणांचे धरावे; प्रत्येक गोष्टीत विज्ञान असलेच पाहिजे असे नाही.

राहिला गठ्ठ्याचा प्रश्न. मे महिन्यात कपाटे रिकामी होतात आणि वह्या रद्दीत जातात. ठाण्यात १८९३ सालापासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. शहराला कागद जपण्याची सवय नाही असे नाही. शाळेच्या ग्रंथालयात एक फळी, त्यावर वर्षाचा आकडा, आणि सांगणाऱ्यांच्या नावांची एक यादी एवढे पुरेल. त्या यादीतली पहिली काही नावे सत्तरी-ऐंशीच्या पुढची असतील, म्हणून हे काम पुढच्या जूनपर्यंत ठेवू नये.